नंदुरबारच्या आसपास एका दिवसाच्या सहली

दिवाळीची सुटी संपली, दुसरे सत्र सुरू झाले, की शाळाशाळांतून सहलीची बोलणी सुरू होतात. कुठे जायचे? कोणी म्हणतो अजिंठा-वेरूळ, कोणी म्हणतो रायगड, कोणी म्हणतो थेट मुंबई. मग गाडी ठरते, माणशी वर्गणी ठरते, आणि ती रक्कम फळ्यावर लिहिली जाते. ती लिहिली, की वर्गाचे दोन भाग पडतात. शिक्षक मित्रहो, हे तुम्ही पाहिलेच असेल. काही मुले दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन येतात. काही मुले चार दिवस गप्प बसतात आणि पाचव्या दिवशी सांगतात, "गुरुजी, मला गाडी लागते." गाडी काही लागत नसते. घरी कापूस विकायचा राहिलेला असतो, नाहीतर आईबाप ऊसतोडीला गेलेले असतात. सहलीच्या दिवशी ती मुले घरी बसतात आणि पुढे आठवडाभर बाकीच्यांच्या गोष्टी ऐकतात.

म्हणून आज मी तुम्हांला दूरच्या नव्हे, जवळच्या सहली सांगणार आहे. सकाळी भाकरी बांधून निघावे आणि दिवेलागणीला घरी परत यावे, अशा. यात सगळा वर्ग जाऊ शकतो. आणखी एक गंमत अशी, की या प्रत्येक ठिकाणाबद्दल गुरुजींपेक्षा जास्त जाणणारे एखादे तरी मूल तुमच्याच वर्गात बसलेले असते. त्या दिवशी त्याने शिकवावे आणि आपण ऐकावे.

आधी जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणू या. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे धडगाव, असे त्याचे सहा तालुके. अगदी उत्तरेच्या कडेला नर्मदा, तिच्या अलीकडे सातपुड्याच्या रांगा, रांगांच्या पायथ्याला तापीचे काळ्या मातीचे खोरे आणि तापीच्या दक्षिणेला आपले नंदुरबार शहर. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्यातल्या दर शंभर माणसांत सुमारे ६९ आदिवासी आहेत. भिल्ल, पावरा, मावची, गावित, तडवी, वसावे अशी कितीतरी नावे वर्गाच्या हजेरीतच सापडतील. कोणाच्या घरी अहिराणी, कोणाच्या घरी पावरी, कोणाच्या घरी भिली, मावची, गुजर बोली, तर कोणाच्या घरी गुजराती. एका हजेरीपत्रकात इतक्या भाषा असलेले जिल्हे महाराष्ट्रात थोडेच असतील.

आणि नंदुरबार हे आता कॉलेजचेही गाव झाले आहे. जी. टी. पाटील महाविद्यालयासारख्या संस्थांत डोंगरातली, पाड्यांवरची मुले-मुली वसतिगृहात राहून शिकतात. सहलीची आखणी करताना या कॉलेजच्या मुलांना विसरू नका. दहा लहानांमागे एक मोठा विद्यार्थी बरोबर घ्यावा, आणि तो शक्यतो ज्या भागात जायचे त्याच भागातला असावा. मुलांवर लक्षही राहते आणि माहितीही घरची मिळते.

पहिली सहल : पायी, नंदुरबार शहरात

पहिल्या सहलीला गाडीच नको. शहरातल्या शहरात सकाळचे चार तास पुरेत.

सुरुवात माणिक चौकातल्या हुतात्मा स्मारकापासून करावी. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला. त्यानंतर महिन्याभराने, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, नंदुरबारात तिरंगा घेऊन मिरवणूक निघाली. तीत शाळकरी मुले पुढे होती. पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्याम शहा हे पाच जण त्यात धारातीर्थी पडले. शिरीषकुमारचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. त्या दिवशी त्याचे वय किती होते, ते मुलांना तिथल्या तिथे तोंडी काढायला सांगा. पंधरा वर्षे आणि आठ महिने! म्हणजे आजच्या नववी-दहावीतल्या मुलाएवढा. हे गणित मुलांनी स्वतः केले, की ती आपोआप गप्प होतात. तुम्हांला निराळे भाषण करावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट तिथे सांगावी. शिरीषकुमारच्या घरची भाषा गुजराती होती. वर्गात कोणी गुजराती बोलणारे मूल असेल, तर त्या चौकात स्वातंत्र्याच्या घोषणा गुजरातीतून कशा दिल्या असतील, ते त्याला विचारा. तेव्हा नंदुरबार मुंबई इलाख्यात होते आणि मराठी-गुजराती अशी राज्याची सीमा मधे नव्हती.

तिथून गावाच्या जुन्या भागात जावे. नंदुरबार हे नंद गवळी राजाचे गाव, नंदनगरी, असे जुने लोक सांगतात. ती झाली दंतकथा. पण कागदावर सापडणारा इतिहासही काही कमी नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी दौलताबादहून खंबायतकडे जाताना नंदुरबारवरून गेला. इथले लोक हातकामात निपुण आहेत, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांच्या जेवणात भात, भाजी आणि तिळाचे तेल असते, हेही त्याने नोंदवले. पुढे अकबराच्या काळात अबुल फजलने लिहिलेल्या आईन-इ-अकबरीत नंदुरबार हा माळवा सुभ्यातला एक सरकार, म्हणजे जिल्ह्याएवढा मुलूख, म्हणून येतो. १६१० मध्ये विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी सुरतेहून बुऱ्हाणपूरला याच रस्त्याने गेला. १६६० च्या सुमारास टॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने इथली खरबुजे आणि द्राक्षे नावाजली.

एवढे परदेशी पाहुणे या गावात का आले? हा प्रश्न मुलांना घालावा, आणि उत्तरासाठी नकाशा उघडावा. सुरत हे मोठे बंदर आणि बुऱ्हाणपूर हे उत्तरेतून दक्षिणेत उतरण्याचे नाके. या दोहोंमधली सोपी वाट तापीच्या खोऱ्यातून जाते, कारण उत्तरेला सातपुडा आडवा येतो आणि दक्षिणेला सह्याद्रीचे फाटे. बैलांचे तांडे त्या वाटेने गेले. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरत-भुसावळ रेल्वे टाकली, तीही त्याच वाटेने. आगगाडीला काय नि बैलाला काय, चढ नकोच असतो!

या सहलीचा शेवट गावाबाहेर मिरचीच्या पथारीवर करावा. हिवाळ्यात नंदुरबारच्या आसपास मोकळ्या रानात मिरची वाळत घालतात, तिला पथारी म्हणतात. दूरवर लाल जाजम अंथरल्यासारखे दिसते. मालकाला आधी विचारून जावे आणि नाकाला रुमाल बांधावा. मजूर बाया मिरची कशी उलटतात, देठ कसे खुडतात, हे पाहावे. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मुलीची आईच तिथे कामाला असेल. तसे असेल, तर दिवसाला किती माल हाताखालून जातो आणि हातांची आग कशाने शमते, हे तिलाच सांगू द्यावे.

इथे मुलांना एक कोडे घाला. इब्न बतूता नंदुरबारात जेवला असेल, तर त्याच्या भाजीत किती मिरच्या होत्या? उत्तर आहे, एकही नाही. मिरची ही मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्याकडे आली, आणि वास्को द गामा कालिकतला उतरला तो १४९८ मध्ये. म्हणजे आज नंदुरबारची ओळख झालेले पीक इब्न बतूताच्या वेळी या मुलखात कोणी पाहिलेलेसुद्धा नव्हते. जुने म्हणून जे आपण मानतो, त्यातले किती खरोखर जुने आणि किती नवे, हे तपासण्याची सवय या एका कोड्याने लागते.

दुसरी सहल : प्रकाशे आणि सारंगखेडे

दुसऱ्या सहलीला एस. टी. लागेल. नंदुरबारहून शहाद्याकडे निघाले, की अर्ध्याहून थोड्या अधिक वाटेवर तापीचा पूल लागतो. पलीकडे प्रकाशे. इथे गोमाई नदी तापीला मिळते. संगमावर केदारेश्वर, संगमेश्वर अशी महादेवाची देवळे आहेत आणि लोक या गावाला दक्षिण काशी म्हणतात.

तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतेजवळ समुद्राला मिळते. गोदावरी, कृष्णा पूर्वेला जातात. आपली तापी आणि सातपुड्यापलीकडची नर्मदा मात्र पश्चिमेला वाहतात. घाटावर उभे राहून मुलांना आधी सूर्य कोठे उगवला ते विचारावे आणि मग नदीच्या धारेकडे बोट दाखवावे. भूगोलाचे एक पान तिथेच पाठ होते.

इथे गौतमेश्वराचे स्थान आहे आणि गुरू सिंह राशीत आला, की बारा वर्षांनी मोठी पर्वणी भरते. बारा वर्षेच का? कारण गुरू ग्रहाला सूर्याभोवती एक फेरी घालायला जवळजवळ बारा वर्षे लागतात. बारा राशी, बारा वर्षे, म्हणजे एका राशीत साधारण एक वर्ष. पंचांग आणि खगोलशास्त्र यांची गाठ इथे पडते. मागच्या पर्वणीला कोण किती वर्षांचे होते, हे मुलांनी घरी आजीला विचारून यावे. बऱ्याच आज्यांचे वय असेच पर्वणीवर मोजलेले असते.

पण प्रकाश्याची खरी दौलत जमिनीखाली आहे. शेतकरी बांधव गावाच्या जमिनीचे दोन भाग करतात. पिकते ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पांढरी ही पांढरी का असते? पिढ्यान्‌पिढ्या माणसे एका जागी राहिली, की चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, शेण, हाडे, फुटकी खापरे यांचे थर बसत जातात. घराच्या भुईवर सारवणाचे पापुद्रे चढतात ना, तसेच हे, फक्त हजारो वर्षांचे. प्रकाश्याला नदीकाठी अशी मोठी पांढरी आहे. १९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याने बा. कृ. थापर यांच्या देखरेखीखाली तिथे उत्खनन केले. त्यात वस्तीचे चार कालखंड निघाले. सर्वांत खालचा थर ताम्रपाषाण काळातला, म्हणजे माणूस तांबे वापरू लागला होता पण दगडाची पातीही सोडली नव्हती, त्या वेळचा. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. त्या थरात लालसर भांड्यांवर काळ्या रंगाने काढलेली नक्षी सापडली. त्यातली काही भांडी माळव्यातल्या भांड्यांशी जुळतात, तर काही नगर जिल्ह्यातल्या जोर्वे इथल्या भांड्यांशी. म्हणजे तेव्हाही या घाटावर उत्तरेची आणि दक्षिणेची माणसे भेटत होती. वरच्या थरांत लोखंड आले आणि त्याच्या वर मध्ययुग.

या जागी मुलांना एक गोष्ट बजावून सांगा. खापर पाहावे, पण उचलून खिशात घालू नये. थरातून निघालेले खापर म्हणजे पुस्तकातून फाडलेले पान. ते कोणत्या पानानंतरचे, हे मग कोणालाच सांगता येत नाही. आणि गावकरी मंडळी, पांढरीची माती खतासारखी म्हणून खणून शेतात टाकण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. तुमच्या गावाच्या पांढरीला फावडे लावण्यापूर्वी एकदा विचार करा. पीक एका हंगामाचे, पण गेलेली पांढरी पुन्हा येत नाही.

प्रकाश्याहून शहादामार्गे सारंगखेड्याला जाता येते. हेही तापीकाठचेच गाव. इथे एकमुखी दत्ताचे मंदिर आहे आणि मार्गशीर्षात दत्तजयंतीला मोठी यात्रा भरते. या यात्रेतला घोडेबाजार दूरदूरच्या प्रांतांत ठाऊक आहे. सहल त्या दिवसांत काढली, तर मुलांना दोन गोष्टी पाहायला सांगाव्यात. एक म्हणजे घोड्याचे कान. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांच्या कानांची टोके आत वळून एकमेकांकडे झुकतात. दुसरी गोष्ट म्हणजे व्यापारी घोड्याचे तोंड उघडून पाहतो ते. तो दातांवरून वय काढत असतो. अंगावरचे केसांचे भोवरे पाहूनही भाव कमीजास्त करतात. दातांच्या परीक्षेला आधार आहे; भोवऱ्यांवरून नशीब ठरवण्याला आहे का, हे मुलांनाच विचारावे. गर्दीत मुलांच्या खिशात शाळेचे नाव आणि गुरुजींचा फोन लिहिलेली चिठ्ठी असावी, आणि घोड्याच्या मागून कोणी जाऊ नये, बरं का!

तिसरी सहल : उनपदेव आणि तोरणमाळ

आता सातपुड्यात शिरू या. ही सहल मोठ्या मुलांसाठी, आणि पहाटे लवकर निघून करायची. नंदुरबारहून शहादा सुमारे ४० किलोमीटर आणि शहाद्याहून तोरणमाळ आणखी पन्नासहून थोडे अधिक. उनपदेवला वाट वाकडी करावी लागते, म्हणून दिवस लहान असेल तर दोहोंपैकी एकच ठिकाण घ्यावे. दोन्ही धावत पाहण्यापेक्षा एक सावकाश पाहिलेले बरे.

उनपदेव शहादा तालुक्यात दरा गावाच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तिथे गोमुखातून ऊन पाणी पडते. खाली चूल नाही, जाळ नाही, मग पाणी तापते कसे? जमिनीत खोल खोल गेले, की दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढते. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खाली मुरते, तिथे तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याला जमिनीत अशा मोठ्या भेगांची रांगच आहे. म्हणूनच पूर्वेला जळगाव जिल्ह्यात, चोपड्याच्या बाजूलाही, याच रेषेत उनपदेव, सुनपदेव अशी ऊन पाण्याची ठिकाणे आढळतात. देव तोच आणि भेगही तीच, असे म्हणायला हरकत नाही. श्रद्धेने हात जोडणाऱ्याला जोडू द्यावेत. मुलाने मात्र थर्मामीटर बुडवून आकडा वहीत लिहावा.

तोरणमाळचा रस्ता सातपायरी घाटाने चढतो. एकावर एक वळणे अशी, की वरून पाहिले तर खालचा रस्ता टाकलेल्या दोरीसारखा दिसतो. तोरण नावाच्या झुडपांवरून गावाला हे नाव पडले, असे सांगतात. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर. नंदुरबार साधारण दोनशे मीटरांवर. दर हजार मीटर चढले, की हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते. तेव्हा नंदुरबारला तीस अंश असतील, तर तोरणमाळला किती? हे गणित घाट चढण्यापूर्वी घालावे आणि वर गेल्यावर थर्मामीटरने ताडून पाहावे.

वर यशवंत तलाव आहे, कमळांचा तलाव आहे, गोरखनाथाचे मंदिर आणि मच्छिंद्रनाथाची गुहा आहे. महाशिवरात्रीला गोरखनाथाची यात्रा भरते, तेव्हा दऱ्याखोऱ्यांतून माणसे पायी येतात. सीताखाईच्या काठावरून खाली पाहिले, की खडकाचे आडवे पट्टे दिसतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस पुन्हा पुन्हा वाहिला, त्याचे ते थर. काल प्रकाश्याला माणसाने टाकलेले थर पाहिले, आज पृथ्वीने टाकलेले. काठापासून मुलांना दहा पावले मागेच बसवावे. पावसाळ्यात धबधबा सुंदर दिसतो खरा, पण तेव्हा घाटात दरडी येतात आणि खडक शेवाळतो. शाळेची सहल तिथे हिवाळ्यातच न्यावी.

आता या सहलीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. तोरणमाळला आपण डोंगर पाहायला जातो, पण तिथे माणसे राहतात. ते त्यांचे घर आहे. पाड्यावर न विचारता शिरू नये. कोणाच्या झोपडीचे, कोणा बाईचे परवानगीवाचून चित्र घेऊ नये. वर्गातला एखादा पावरा किंवा भिल्ल मुलगा, जो एरवी मराठी चुकेल म्हणून मागच्या बाकावर गप्प असतो, त्याला या दिवशी पुढे बसवा. कोणत्या झाडाला काय म्हणतात, मोहाची फुले कधी वेचतात, कैरीच्या फोडी वाळवून आमचूर कसा करतात, हे तो सांगेल. त्याची भाषा बाकीच्या मुलांनी दहा शब्द तरी शिकून यावे. झाड, पाणी, आई, भाकर, ये, बस. एवढे पुरे.

परतताना शहादा-तळोद्याच्या सपाटीवर काही वसाहती दिसतात. नर्मदेवर सरदार सरोवर झाले, तेव्हा अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली तेहतीस गावे बुडिताखाली आली. त्यांतली बरीच माणसे इथे खाली आणून वसवली आहेत. तुमच्या शाळेत त्या घरांतले मूल असेल. त्याच्या आजोबांचे गाव आता कोणत्याही सहलीत पाहता येणार नाही. त्या गावाचे नाव, तिथली नदी, तिथले झाड त्याने घरी विचारून वहीत लिहून आणले, तर तेही सहलीचेच वर्णन समजावे आणि वर्गात वाचून दाखवावे.

चौथी सहल : आगगाडीने नवापूर

ही सर्वांत सोपी, आणि लहान मुलांची सर्वांत आवडती. नंदुरबारला पश्चिमेकडे जाणाऱ्या पॅसेंजर गाडीत बसायचे आणि नवापूरला उतरायचे. फिंचचा तांडा गेला तीच ही वाट, हे मुलांना आठवून द्यावे.

नवापूरचे स्टेशन दोन राज्यांत आहे. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, तर स्टेशनमास्तरांची खोली गुजरातेत. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मधोमध सीमा जाते. अर्ध्या बाकावर बसलेला महाराष्ट्रात, अर्ध्यावर बसलेला गुजरातेत! मुले त्या बाकावर बसून हसतात. हसू द्यावे आणि मग विचारावे, की स्टेशन बांधणाऱ्याने असे का बांधले? त्याने काही तसे बांधले नव्हते. स्टेशन आधीचे, सीमा नंतरची. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात असे दोन भाग झाले, तेव्हा रेघ स्टेशनातून गेली. बाकाच्या दोन्ही टोकांना मावची-गावितांची तीच घरे, तीच बोली, तेच नातेसंबंध. नकाशावरची रेघ माणसे आखतात, आणि ती कारभारासाठी असते, मने तोडण्यासाठी नव्हे, हे दहा वर्षांच्या मुलाला पुस्तकातून समजावणे कठीण. त्या बाकावर मात्र ते चटकन समजते.

मोठ्यांसाठी दोन शब्द

शेतकरी मंडळींनी, कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी जायचे तर होळीला काठीला जावे. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावाची राजवाडी होळी पाहायला डोंगरातून हजारो माणसे येतात. अंगावर राखेची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरू बांधून लोक रात्रभर नाचतात, आणि उंच बांबूची होळी पहाटे पेटते. नाचणाऱ्यांनी त्याआधी कित्येक दिवस व्रत पाळलेले असते. तो तमाशा नव्हे, ती पूजा आहे. देवळात जसे उभे राहतो, तसेच तिथे उभे राहावे.

आखणी कशी करावी

शिक्षक मित्रहो, शेवटी थोडे व्यवहाराचे. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमती आधी हातात असू द्या. एस. टी. महामंडळ शालेय सहलीला भाड्यात सवलत देते. आगारात जाऊन लवकर नोंदवावे. नदीत कोणी उतरायचे नाही, हा नियम घाटावर पोहोचल्यावर नव्हे, निघण्यापूर्वीच सांगावा. बंधाऱ्यांमुळे तापीला बारा महिने खोल पाणी असते आणि वरून ते शांत दिसते. बरोबर पिण्याचे पाणी, प्रथमोपचाराची पेटी आणि दोरी हवीच. परत आल्यावर निबंध लिहायला सांगू नका. प्रत्येकाने एक प्रश्न लिहावा, ज्याचे उत्तर अजून मिळालेले नाही. तीस मुलांचे तीस प्रश्न झाले, की पुढच्या महिन्याचे शिकवणे तयार झाले म्हणून समजा.

रायगड पाहू नये, अजिंठा पाहू नये, असे मी म्हणत नाही. जरूर पाहावेत. पण अजिंठ्याचे चित्र पुस्तकात आहे, ते मूल कधीतरी पाहील. प्रकाश्याची पांढरी आणि नवापूरचा बाक पुस्तकात नाहीत. ते आपण दाखवले नाहीत, तर दुसरे कोण दाखवणार?

म्हणून यंदा फळ्यावर वर्गणीची रक्कम लिहिण्यापूर्वी हजेरीपत्रक एकदा पुढे घ्या. वरपासून खालपर्यंत सगळी नावे वाचा. ज्या आकड्याला यांतले एकही नाव घरी राहणार नाही, तोच आकडा लिहा. आणि तो फार लहान निघाला, तर माणिक चौकापर्यंत पायी जायला काहीच लागत नाही.